सोनेरी पाठीचे चौघे : सुप्याच्या माळापासून तांबडी सुर्लापर्यंत

पश्चिम घाट आणि त्याच्या आजूबाजूच्या रानात सोनेरी पाठीचे सुतार पक्षी चार जातींचे. सोनपाठी सुतार, कॉमन फ्लेमबॅक, मलाबार फ्लेमबॅक आणि पांढऱ्या मानेचा सुतार. चौघांचे पंख सोनेरी, चौघांना तुरा, चौघांच्या पांढुरक्या छातीवर काळी नक्षी. झाडांच्या गर्दीतून काहीतरी सोनेरी चमकून गेलं की बहुतेकांच्या तोंडून "सोनपाठी!" एवढंच निघतं आणि वहीतही तेच उतरतं. त्यामुळे कुठल्या जंगलात कुठली जात किती आहे, याच्या नोंदी वर्षानुवर्षं गढूळ होत जातात. मला हे मनापासून खटकतं. म्हणून या फेब्रुवारीत ठरवलं की चौघांनाही ज्याच्या त्याच्या रानात जाऊन बघायचं. बरोबर भाचा होता. तो प्राणिशास्त्र शिकतो आणि आता स्वतःच्या नोंदी ठेवायला लागलाय.

वाट मुद्दाम कोरड्याकडून ओल्याकडे आखली. आधी पुणे जिल्ह्यातला माळ, मग आंबोली, मग उत्तर कन्नड (कारवार) जिल्ह्यातलं काळी नदीचं खोरं आणि शेवटी घाट उतरून गोवा.

पहिला दिवस : सुपे, मोरगाव आणि कोल्हापूरचा रस्ता

बारामती तालुक्यातल्या सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. लोक इथे चिंकारा बघायला येतात. आम्ही मात्र उजाडताच अभयारण्याच्या कडेच्या बाभळी आणि कडुनिंबांखाली उभे राहिलो.

आधी भेटला मराठा सुतार. जॉन लेथमनं 1801 मध्ये या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिलं त्यातच ‘महराट्टेन्सिस’ आहे, आणि कोरड्या माळावरच्या खुरट्या झाडांत तो इतका घरचा वाटतो की हे नाव त्याला शोभतं. सुमारे 18 सेंटीमीटर लांबीचा, काळपट पाठीवर पांढऱ्या ठिपक्यांचा सडा, माथा पिवळसर. नराच्या माथ्याची मागची बाजू लाल, मादीला ते लाल अजिबात नाही. दोघांच्याही पोटावर मधोमध एक लाल डाग असतो, तो पक्षी वरच्या फांदीवर गेल्याशिवाय दिसत नाही. याची गल्लत होते ती चिमुकल्या सुताराशी. पण चिमुकला खरोखरच चिमुकला, 13 सेंटीमीटरचा, चिमणीएवढा. त्याचा माथा तपकिरी, पोटावर लाल नाही आणि डोळा फिका, भोवती गुलाबीसर कडा. अंगावर पिवळं दिसलं तर चिमुकल्याचं नाव घ्यायचं कारण नाही.

सोनपाठीनं फार वाट बघायला लावली नाही. रस्त्याकडेच्या कडुनिंबावरून आधी त्याचं ते घोडा खिंकाळल्यासारखं लांबलचक ओरडणं आलं, मागोमाग तो स्वतः हेलकावे खात समोरच्या चिंचेवर जाऊन चिकटला. या पक्ष्याशी आपली ओळख शहरातल्या आवारांतही होते. नारळाची झाडं, पर्जन्यवृक्ष, जुने आंबे, त्याला सगळं चालतं. म्हणून पाया इथेच घालायचा होता. बाकी तिघांना ओळखायचं तर आधी हा डोळ्यात पक्का बसला पाहिजे.

भाच्यानं दुर्बीण लावली आणि लगेच पाठीबद्दल बोलायला लागला. मी म्हटलं, "पाठ सोड. सोनेरी रंग चौघांच्याही अंगावर आहे. शेपटीच्या मुळापाशी काय रंग आहे ते सांग."

"काळा."

"आणि गळा?"

"काळा. त्यात बारीक पांढरे ठिपके आहेत, मावशी. खांद्यावर पण काळ्यात ठिपके दिसतायत."

एवढं पुरे होतं. शेपटीच्या मुळावरचा भाग, म्हणजे रम्प, काळा. गळा काळा आणि त्यावर पांढरी बुंदी. खांद्यापाशी काळ्या पट्ट्यात पांढरे ठिपके. चोचीच्या मुळापासून मागे जाणारी सुटी, ठळक मिशी नाही, कारण गळाच सगळा काळा. थोड्या वेळानं मादी आली. तिच्या माथ्याचा पुढचा भाग काळा, त्यावर पांढरे ठिपके, आणि तुऱ्याचा मागचा भाग लाल. मादीच्या डोक्यावर असं मागे लाल राहतं ते या चौघांपैकी फक्त सोनपाठीत. बाकी तिघांच्या मादीला डोक्यावर लाल रंग नाहीच. ही एक खूण लक्षात असेल तर चेहरा अर्धा झाकलेला असतानाही काम भागतं.

दुपारी मोरगाव, नीरा, लोणंद करत साताऱ्याला महामार्ग गाठला आणि रात्री कोल्हापुरात उतरलो. तांबडा-पांढरा रस्सा भाच्याच्या यादीत पक्ष्यांच्याही वर होता.

दुसरा दिवस : आंबोली

निपाणी, आजरा करत आंबोलीला पोहोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. फेब्रुवारीतली आंबोली पावसाळ्यातल्या आंबोलीपेक्षा मला जास्त आवडते. गर्दी नाही, धुकं पहाटेपुरतं, आणि रानातला आवाज न् आवाज ऐकू येतो.

इथे सोनेरी कुणी दिसलं नाही, पण तांबूस सुतारानं दिवस सत्कारणी लावला. पूर्ण अंग विटकरी, त्यावर काळ्या आडव्या रेघा. नराच्या डोळ्याखाली एक लालसर डाग, तोही उजेड बाजूनं आला तरच दिसतो. त्याला ओळखायला डोळ्यांपेक्षा कान उपयोगी. बहुतेक सुतार खोडावर ठेका धरतात तेव्हा तो एकसारखा जलद चालतो आणि थांबतो. तांबूस सुताराचा ठेका वेगानं सुरू होतो आणि मग अडखळत, दोन ठोक्यांमधलं अंतर वाढवत विझत जातो. एकदा ऐकलात की पुन्हा विचारावं लागणार नाही.

हा पक्षी घरटं करतो ते मुंग्यांच्या वारुळवजा घरट्यात. क्रेमॅटोगॅस्टर जातीच्या मुंग्या झाडावर कागदासारख्या लगद्याचे तपकिरी गोळे बांधतात, त्यात तो बोगदा कोरतो. मुंग्या तिथेच नांदत असतात आणि त्याच मुंग्या तो खातही असतो. संध्याकाळी उतारावरच्या एका झाडावर असा गोळा दिसला, साधारण नारळाएवढा, बाजूला वाटोळं भोक. पक्षी आत होता की नाही ते बघायला जवळ गेलो नाही. घरट्याच्या वेळेला लांबूनच समाधान मानावं.

एक गोष्ट इथे सांगून टाकते. त्या संध्याकाळी एक टोळकं मोबाइलवर सुताराचा आवाज मोठ्यानं वाजवत फिरत होतं. विणीच्या हंगामात नर आपल्या हद्दीत दुसरा नर आला असं समजून सगळं काम टाकून धावून येतो. आपल्याला फोटो मिळतो, त्याचा वेळ आणि ताकद जाते. सुतारांच्या बाबतीत तर याची मुळीच गरज नाही. हे पक्षी मुळातच बोलके आहेत. अर्धा तास एका जागी उभं राहिलं की ते स्वतः ठावठिकाणा सांगतात.

तिसरा दिवस : चंदगड, बेळगाव, गणेशगुडी

आंबोलीहून चंदगडमार्गे बेळगाव, पुढे खानापूर, रामनगर. रामनगरपर्यंत रस्त्यावरच्या टपरीवर मराठीत चहा मागता येतो आणि पुढे जोयडा तालुक्यातही कोंकणी-मराठीवर निभावतं. गणेशगुडीला सुपा धरण आहे, काळी नदीवरचं, 101 मीटर उंचीचं. धरण बांधताना सुरुंगाची दारू जिथे साठवत, ती जागा आज ओल्ड मॅगझीन हाउस या नावानं पक्षीनिरीक्षकांना ठाऊक आहे. तिथे झाडांखाली पाण्याच्या उथळ कुंड्या ठेवलेल्या आहेत आणि दुपारच्या उन्हात रानातले पक्षी तिथे आंघोळीला उतरतात.

आम्ही कुंड्यांसमोर बसलो खरे, पण माझं लक्ष वर होतं. मोठ्या झाडांच्या शेंड्याकडे बारीक फांद्यांवर हृदयांकित सुतारांची जोडी लागली. हा पक्षी आधी बघितला नसेल तर तो सुतार आहे हे पटत नाही. 16 सेंटीमीटरचा गोटीबंद देह, शेपटी इतकी आखूड की तुटली आहे असं वाटावं, आणि डोक्यावर अंगाच्या मानानं अवाढव्य तुरा. पंखांवर फिकट भागात काळे ठिपके, नेमके पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचे. मादीचं कपाळ मळकट पांढरं, नराचं काळं. याची गल्लत दुसऱ्या कुणाशीच होत नाही, म्हणून वर्णन इथेच थांबवते.

सूर्य उतरायला लागला तसा धरणाच्या बाजूनं एक धातूसारखा, कीटकांच्या किरकिरीच्या जवळ जाणारा, न थांबता वाजणारा आवाज आला. आमच्याबरोबरच्या स्थानिक वाटाड्यानं मान न वळवता सांगितलं, "मोठा फ्लेमबॅक, म्हणजे मलाबार. उद्या सकाळी दाखवतो, ताई. त्याचं घर माहितेय मला."

चौथा दिवस : गणेशगुडी

सकाळी साडेसहाला निघालो. पायवाटेच्या कडेला एक वठलेलं झाड होतं. साल गळून गेलेली, शेंड्याकडचा भाग वादळात मोडलेला, खोडात वेगवेगळ्या उंचीवर भोकं. त्यातलं एक ताजं होतं. ते कशावरून? भोकाची कड फिकट पिवळी, आणि खाली वाळलेल्या पाचोळ्यावर लाकडाचा चुरा. वाटाड्यानं आम्हाला बऱ्याच मागे, दाट झुडपाच्या आडोशाला थांबवलं.

पंधरा-वीस मिनिटांनी ढोलीच्या तोंडाशी एक डोकं आलं. फक्त डोकं. बाकी काही दिसत नव्हतं, आणि ओळख पटवायला त्याहून जास्त लागणारही नव्हतं.

मलाबार फ्लेमबॅकचा चेहरा असा असतो. चोच लांब, सरळ, छिन्नीसारखी, जवळपास डोक्याच्या लांबीएवढी किंवा थोडी जास्तच. डोळा फिका, पिवळसर पांढरा, त्यामुळे नजर रोखल्यासारखी वाटते. डोळ्यातून मागे जाणारा रुंद काळा पट्टा मानेच्या बाजूनं खाली उतरतो. आणि मिशी. या पक्ष्याला मिशीची एक जाड रेघ नसते. चोचीपासून दोन बारीक काळ्या रेघा निघतात, मधे पांढरी जागा सोडतात आणि गालाच्या खाली पुन्हा एकत्र येतात, अगदी फास टाकलेल्या दोरीसारख्या. त्या सकाळी पक्ष्यानं मान तिरकी केली आणि कोवळं ऊन बरोबर गालावर पडलं, तेव्हा त्या दोन रेघांमधली पांढरी पट्टी इतकी स्वच्छ दिसली की भाच्यानं दुर्बीण न काढताच वहीत तिचं चित्र काढायला घेतलं. मग पक्षी बाहेर आला, खोडावर सरकला, पाठमोरा झाला. मानगूट पांढरी. पाठ सोनेरी. उडाला तेव्हा रम्प लालभडक.

त्याच्या जागी मादी आली. तिचा माथा काळा आणि त्यावर गोल पांढरे ठिपके, हातानं एकेक टिपलेले असावेत तसे. हे ‘गोल’ लक्षात ठेवायचं. कॉमन फ्लेमबॅकच्या मादीच्या माथ्यावर ठिपके नसतात, लांबट पांढऱ्या रेघा असतात. जवळून बघायला मिळालं तर या एका फरकावर निकाल लागतो.

डोळ्याच्या रंगाबाबत सावध राहायला हवं. पिल्लं ढोलीबाहेर पडल्यावर काही काळ त्यांचा डोळा गडद असतो. मार्च-एप्रिलनंतर फक्त डोळ्यावर भिस्त ठेवून जात ठरवू नये, चोच आणि मिशी बघितल्याशिवाय तर नाहीच.

दुपारी जेवणानंतर भाच्यानं विचारलं, "हे एकमेकांसारखे का दिसतात? एकाच कुळीतले म्हणून?"

या प्रश्नासाठीच खरं तर मी त्याला बरोबर आणलं होतं. सोनपाठी आणि कॉमन फ्लेमबॅक हे डायनोपियम प्रजातीतले (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट). मलाबार फ्लेमबॅक आणि पांढऱ्या मानेचा सुतार हे क्रायसोकोलाप्टीस प्रजातीतले. दिसायला चुलतभाऊ वाटतात, पण डीएनएचा अभ्यास वेगळंच सांगतो. सोनपाठीचे जवळचे नातेवाईक म्हणजे आपल्याकडचे हिरवे सुतार. आणि मलाबार फ्लेमबॅकचं जवळचं नातं निघालं अमेरिकेतल्या कॅम्पेफिलस सुतारांशी, ज्यांच्यात तो प्रसिद्ध हस्तिदंती चोचीचा सुतार येतो. म्हणजे पोशाख एक आणि घराणी दोन. लहान चणीच्या सुतारानं मोठ्याचा वेश उचलला की बाकीचे पक्षी त्याला मोठा समजून वाट देतात, असा तर्क काही अभ्यासकांनी मांडलाय. कारण काहीही असो, रानात उभं राहून ओळख पटवणाऱ्याला यातून एक फार उपयोगी गोष्ट मिळते. पोशाखावर घराणं कळत नाही, पण बांध्यावर कळतं. क्रायसोकोलाप्टीसची चोच लांब, मिशी दुहेरी, मानगुटीवर पांढरं. डायनोपियमची चोच त्या मानानं आखूड, डोळा गडद, मानगूट काळी.

आता यात रम्पचा रंग मिसळा. रम्प काळा असेल तर सोनपाठी किंवा पांढऱ्या मानेचा. रम्प लाल असेल तर कॉमन किंवा मलाबार. दोन्ही जोड्यांमध्ये एक पक्षी डायनोपियमचा आणि एक क्रायसोकोलाप्टीसचा आहे. म्हणजे दोन प्रश्न पुरतात. रम्प काळा की लाल? मानगूट काळी की पांढरी? पक्षी पाठमोरा उडून चालला असेल तर रम्प आधी मिळतो. खोडाआडून डोकावत असेल तर चेहरा आधी मिळतो, आणि सुतारांना खोडाआड सरकून डोकं तेवढं बाहेर काढायची सवय असतेच. जो भाग दिसेल तिथून सुरुवात करायची आणि दुसऱ्या भागाची वाट बघायची. पुस्तकात चारही पक्षी एकाच पानावर एकाच बाजूनं बसलेले असतात, रानात तसं कोणी बसत नाही.

भाच्यानं हे वहीत दोन आडव्या आणि दोन उभ्या रेघा मारून चौकटीत लिहिलं. मला ते पान फार आवडलं.

पाचवा दिवस : दांडेली आणि हल्याळकडचं सागाचं रान

दांडेलीचा लाकूड डेपो पक्ष्यांसाठी नावाजलेला आहे. रचून ठेवलेल्या ओंडक्यांमध्ये किडे, आजूबाजूला उंबर आणि वड, त्यामुळे सकाळी धनेशही येतात आणि सुतारही. हा सगळा परिसर काळी व्याघ्र प्रकल्पाच्या आसपासचा, 2015 पर्यंत तो दांडेली-अणशी व्याघ्र प्रकल्प या नावानं ओळखला जायचा.

डेपोच्या कडेनं हिरव्या सुतारांचा सराव झाला. रेखांकित गळ्याचा सुतार जमिनीवर उतरून मुंग्या टिपत होता. त्याला जमिनीवर बघून नवखे गोंधळतात, पण त्याची ती सवयच आहे. गळ्यावर उभ्या बारीक रेघा, पोटावर माशाच्या खवल्यांसारखी नक्षी, शेपटीच्या मुळाशी पिवळट. दुसरा हिरवा म्हणजे छोटा पिवळमान्या. मानेवरचा पिवळा तुरा दिसला की विषय संपतो. नाही दिसला तर छाती बघायची. ती एकरंगी हिरवट असते, आडव्या पट्ट्या पोटाच्या बाजूला. शिवाय तो इतर पक्ष्यांच्या थव्याबरोबर झाडावर फिरतो आणि अधूनमधून उदास, उतरता ‘पीऽऽ’ असा सूर काढतो.

मला ओढ होती पांढऱ्या मानेच्या सुताराची. त्याला दाट ओलं जंगल मानवत नाही. सागाचं, ऐनाचं, मोकळं पानगळीचं रान लागतं. हल्याळच्या दिशेनं रान असं कोरडं होत जातं. साग निष्पर्ण होते, खाली पानांचा खच, पाऊल टाकलं की एवढा आवाज की आम्ही चालणंच सोडून दिलं आणि एका वळणावर बसून राहिलो. जवळच एक पांगारा फुलला होता. त्याच्यावर मैना, कोतवाल, सूर्यपक्षी यांची रीघ. सुतारही फुलांतला मध प्यायला येतात, म्हणून फुललेला पांगारा किंवा सावर सोडून पुढे जाऊ नये, हा माझा नियम.

नऊच्या सुमाराला ती आली. ती, हे पहिल्या क्षणीच कळलं, कारण माथा पिवळा होता. चौघांत मादीचा माथा पिवळा फक्त याच जातीत. ती पांगाऱ्यावर न थांबता पलीकडच्या सागावर गेली आणि पाठ आमच्याकडे करून बसली. मानगुटीपासून सुरू झालेला पांढरा रंग तसाच खाली पाठीवर उतरला होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्यांचा इंग्रजी ‘व्ही’. सोनेरी रंग फक्त पंखांवर. सोनपाठीची पाठ मधोमध सोनेरी असते, हिची मधोमध पांढरी. खालून उजेड येत असला की सोनं काळवंडून दिसतं, पण हा पांढरा पट्टा लपत नाही. रम्प काळा. मान वळवली तेव्हा मिशी दुहेरी, चोच लांब. भाच्यानं चौकटीतल्या चौथ्या घरावर बोट ठेवलं आणि मला काही बोलावंच लागलं नाही.

ती बराच वेळ त्या सागावर साल सोलत राहिली. सुताराची शेपटी इतक्या निवांतपणे क्वचित बघायला मिळते. प्रत्येक ठोक्याला शेपटीची ताठ पिसं खोडावर दाबली जात होती, सगळा भार त्या तिसऱ्या पायावर. नखं दोन पुढे, दोन मागच्या-बाजूच्या अंगाला. चार बोटं. हे मी भाच्याला मुद्दाम मोजायला लावलं, कारण दुसऱ्या दिवशी जो पक्षी शोधायचा होता त्याला तीनच असतात.

सहावा दिवस : अनमोड घाट, मोले, तांबडी सुर्ला

रामनगरहून अनमोड घाट उतरला की हवा बदलते. कोरड्या पानांचा वास जातो, मातीचा ओला वास येतो. मोलेचं भगवान महावीर अभयारण्य घाटाच्या पायथ्याला, आणि तिथून आत तांबडी सुर्लाचं कदंबकालीन महादेवाचं देऊळ. देवळाभोवतीचं रान उंच, सदाहरित-निमसदाहरित, वेलींनी गच्च. इथे फ्लेमबॅक दिसला तर लाल रम्पच्या जोडीतला असण्याची शक्यता जास्त, म्हणजे खरी परीक्षा. मलाबार आणि कॉमन एकाच रानात, कधी एकाच झाडावर असतात.

देवळामागच्या ओढ्याशी उभे होतो. एक फ्लेमबॅक ओढा ओलांडून गेला, रम्प लाल. भाचा गप्प. मीही गप्प. तो पलीकडच्या खोडावर बसला आणि लगेच मागे सरकला. मग खोडाच्या डाव्या कडेनं डोकं बाहेर आलं.

"चोच आखूड आहे," भाचा पुटपुटला. "डोळा काळा. मिशी... एकच. जाड."

"मानगूट?"

पक्षी खोडाला वळसा घालून वर चढला आणि मानेची मागची बाजू समोर आली. तुऱ्याच्या खाली सरळ काळी. कॉमन फ्लेमबॅक, नर.

मला या पक्ष्याच्या चेहऱ्याचं साधेपण भावतं. मलाबारच्या चेहऱ्यावर रेघांचं जाळं असतं. इथे डोळ्यामागचा एक काळा पट्टा, चोचीपासून निघणारी एक ठाम काळी मिशी, बाकी पांढरं. डोळा गडद असल्यामुळे भाव सौम्य. आकारानं तो मलाबारपेक्षा किंचित लहान, पण आकारावर विसंबू नये. शेजारी तुलनेला दुसरा पक्षी नसला की आकार फसवतो. चोच मात्र डोक्याशी ताडून बघता येते, दोन्ही एकाच पक्ष्यावर असतात.

भाच्यानं काढलेल्या फोटोंपैकी एकात पाय स्पष्ट आला होता. कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठा करून बघितला. दोन बोटं पुढे, एक मागे. पूर्वी हे हातात मेलेला पक्षी घेऊनच मोजायचे. आता जिवंत पक्ष्याला हातही न लावता मोजता येतं. कॅमेऱ्याचं याहून चांगलं काम मला सुचत नाही. संशयास्पद फ्लेमबॅकचा फोटो घ्यायचा तर चेहऱ्याचा आणि पायाचा घ्यावा, सोनेरी पाठीचे फोटो नंतर हवे तेवढे काढता येतात.

दुपारी मोलेच्या बाजूला रस्त्याकडेच्या कापलेल्या झाडांचे बुंधे बघत चाललो होतो. या जंगलातून रेल्वेचा दुसरा मार्ग, रुंद रस्ता आणि विजेची उच्चदाब वाहिनी न्यायच्या योजनांवर गोव्यातले लोक रस्त्यावर उतरले होते. कॅसलरॉक ते कुळे या टप्प्यातल्या दुहेरी रेल्वेमार्गाला दिलेली वन्यजीव मंडळाची मंजुरी सर्वोच्च न्यायालयानं मे 2022 मध्ये रद्द केली. सुतारांच्या दृष्टीनं बघितलं तर सलग जंगल जितकं महत्त्वाचं, तितकंच त्यातलं जुनं, पोकळ, वठलेलं झाड महत्त्वाचं. गणेशगुडीच्या त्या एका मेलेल्या खोडात किती ढोल्या होत्या! सुतार सोडून जातो तेव्हा त्यात पोपट, मैना, पिंगळे, उडत्या खारी राहायला येतात. वनखात्याच्या हिशोबात ते खोड ‘निकामी लाकूड’ ठरता कामा नये. बागेत, आवारात, शेताच्या बांधावर जिथे पडून इजा होण्याची भीती नाही, तिथे वठलेलं झाड उभं राहू द्यावं, हे मी भेटेल त्याला सांगते.

परतीची वाट साखळीवरून चोर्ला घाटानं बेळगावकडे होती. घाटाच्या मध्यावर एक फ्लेमबॅक गाडीच्या पुढून दरीच्या अंगाला गेला. रम्प लाल, तेवढं दोघांनीही नक्की बघितलं. गाडी कडेला घेऊन बराच वेळ थांबलो, आवाजाची वाट बघितली. काही आलं नाही. भाच्यानं विचारलं, "मलाबार लिहू? इथे तोच जास्त दिसतो ना?"

"चेहरा बघितलास?"

"नाही."

त्यानं लिहिलं : लाल रम्पचा फ्लेमबॅक, एक, चोर्ला घाट, दुपारी चार, जात निश्चित नाही. घरी आल्यावर ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकतानाही त्यानं ती तशीच टाकली.